मुंगी होती का गं?

आमच्या घरात पाणी पिणं म्हणजे एक सोहळाच होता. विहिरीवरून घागर आली की थोरल्या जाऊबाई दुहेरी फडकं घेऊन बसायच्या. पाणी गाळायच्या, पुन्हा गाळायच्या, मग ते फडकं उन्हाकडे धरून बघत राहायच्या. मग मला हाक यायची. "इकडे ये गं. तुझे डोळे तरणे आहेत. यात काही हलतंय का बघ." मी म्हणायचे, "नाही हो बाई, काही हलत नाही." त्या हुश्श करायच्या आणि माझी पाठ वळली की पुन्हा गाळायला घ्यायच्या. घशाला कोरड पडलेली माणसं ओसरीवर ताटकळत बसायची, पण "पाणी द्या" म्हणायची कुणाची बिशाद नव्हती.

मी मंचरची. लग्न होऊन नारायणगावच्या पेठेत आले तेव्हा परकर सोडून लुगड्यात येऊन फार दिवस झाले नव्हते. विसावं शतक नुकतंच लागलेलं. सासरचं घर मारवाडी जैनांचं. खाली धान्याचं आणि लोकरीचं दुकान, वर आम्ही. राजस्थानातलं मूळ गाव आमच्या मामंजींनी, म्हणजे सासऱ्यांनीसुद्धा पाहिलेलं नव्हतं. बोलणं मराठी, फक्त भांडताना आणि देवाधर्माला मारवाडी. घरात मामंजी, सासूबाई, थोरले दीर, त्यांची बायको म्हणजे या जाऊबाई, आणि आम्ही दोघं. जाऊबाईंना मूलबाळ नव्हतं. मी त्यांना नुसतं "बाई" म्हणायचे.

जैनांच्या घरात पाणी गाळणं काही नवलाचं नाही. पाण्यातल्या बारीक जिवांना इजा नको म्हणून गाळायचं, आणि फडक्यावर जे उरतं ती जिवाणी पुन्हा त्याच विहिरीत हळूच सोडायची. माझ्या माहेरीही हे होतंच. पण माझी आई हे काम गप्पा मारता मारता उरकायची. बाई मात्र जिवाणी सोडून घरी यायच्या आणि उंबऱ्यातच थबकायच्या. आपण दुसऱ्याच विहिरीत तर नाही ना सोडली? पेठेला विहीर होती एकच! तरी परत जायच्या. सरपण फुंकून, झटकून, मऊ पुंजणीनं झाडून मगच चुलीत घालायच्या, आणि जाळ लागला की तोंड फिरवून डोळे मिटायच्या. ज्वारी निवडायला बसल्या की दाणा न् दाणा उलटून बघायच्या. जेवायला दुपार कलायची, आणि सूर्य मावळल्यावर खायचं नाही हा आमचा नेम, त्यामुळे कित्येकदा दिवसाकाठी एकच जेवण व्हायचं. माझ्या पोटात कावळे ओरडायचे. मी मुळातच भुकेची कच्ची आणि जिभेची तिखट.

आणि दिवसभर तो प्रश्न. झाडलोट झाली की, "मुंगी होती का गं तिथं?" दार लावलं की, "फटीत काही चिरडलं का गं?" मी नाही म्हणायचे. "नीट बघितलंस ना?" नीट बघितलं. "शपथ?" शपथ. मग जरा वेळ त्यांचा चेहरा इतका निवांत व्हायचा की मला वाटायचं, चला, आपण काहीतरी चांगलं केलं.

आता कुणी म्हणेल, असल्या जावेशी तुझं पटलं कसं? अहो, पटलं म्हणजे काय, त्या घरात मी टिकले ती बाईंमुळे. पहिल्या पंधरवड्यात मी रोज माळ्यावर जाऊन रडायचे. बाई वर यायच्या, माझ्या तोंडात गूळ-तुपाचा घास कोंबायच्या आणि दुकानात आलेल्या गिऱ्हाइकांच्या नकला करायच्या. मामंजी तराजू कसा धरतात, सासूबाई जांभई देता देता नवकार मंत्र कसा म्हणतात, हे सगळं. रडता रडता मला ठसका लागायचा. माझ्या हातून तुपाचं मडकं फुटलं तेव्हा "माझा धक्का लागला" असं त्यांनी बेधडक सांगून टाकलं. खोटं बोलायचं पाप त्यांना चाललं, माझ्यावरची बोलणी नाही चालली! अशी बाई होती ती. माझा फार जीव होता तिच्यावर, आणि अजून आहे.

गावाला मात्र दुसरंच काही दिसत होतं. त्यांची ख्याती जुन्नरपासून घोडेगावपर्यंत पोचलेली. नव्या सुना घेऊन सासवा यायच्या. "बघ, जीवदया म्हणजे काय ते बघून घे." बायका त्यांच्या पाया पडायच्या. बाई पाय मागे ओढून घ्यायच्या, तर तोही विनय ठरायचा. कुणी वेडसर माणूस रस्त्यात दगड मारत सुटला असता तर गावानं त्याला खांबाला बांधला असता. बाई दिवसभर मुंग्यांच्या धास्तीनं थरथरत होत्या, तर गाव त्यांना हात जोडत होतं. धर्म सांगतो तेच त्या करत होत्या, नुसतं जास्त. मग त्याला दुखणं म्हणणार कोण?

तरी त्या वाळत चालल्या तशा सासूबाई घाबरल्या. त्यांनी मामंजींच्या नकळत एका भगताला विचारलं. त्यानं डोळे फिरवले आणि निदान केलं की लिंबाखालची बाधा आहे, काळी कोंबडी द्या. आता जैनाच्या घरात कोंबडी! सासूबाईंनी घासाघीस करून प्रकरण कोहळ्यावर आणलं. कोहळा घरात आला, बाईंच्या कानावर गेलं, आणि त्यांनी त्या कोहळ्यालाच हात जोडून त्याची क्षमा मागितली. कोंबडीच्या भावनेनं कापला म्हणजे कोंबडीच मारली, असं त्यांचं म्हणणं. तसं ते शास्त्राला धरूनही होतं. मला हसू आवरेना. त्याही हसल्या, आणि हसताहसता एकदम विचारलं, "पण तो कापला नाही ना गं कुणी?" कोहळा परसात पडून पडून सडला. मग त्यात किडे झाले आणि तो वेगळाच घोर लागला.

मग जुन्नरहून टांग्यानं डॉक्टर आणले. त्यांनी जीभ बघितली, डोळ्यांच्या पापण्या ओढून बघितल्या, रक्त कमी आहे म्हणाले, मेंदूला थकवा आहे म्हणाले, आणि लाल औषधाची बाटली दिली. जाताना दारात मामंजींना हळूच सांगितलं की फार वाढलं तर पुण्याला वेड्यांचं इस्पितळ आहे, मॅजिस्ट्रेटचा हुकूम घेऊन ठेवता येतं. मामंजी भडकले. "आमच्या घरात देवमाणूस आहे आणि हे वेडी म्हणतात!" टांगा गेला, आणि औषधाची बाटली बाईंनी उघडलीच नाही. त्यात काय मेलेलं असेल कोण जाणे.

एक सांगते, मामंजी चिडले याचं मला बरंच वाटलं होतं. पेठेतल्या एका घरचा माणूस असाच बैलगाडीत बांधून पुण्याला नेलेला आम्ही पाहिला होता. तो परत आला नाही, आणि त्याच्याबद्दल घरात कुणी बोलेनासं झालं. बाई वेड्या म्हणून जाव्यात हे मला सोसलं नसतं. पण देवी म्हणून त्या चोवीस तास जळत होत्या हेही मला दिसत होतं. वेडी की देवी, एवढंच आमच्याकडे होतं. आजारी नावाची तिसरी जागाच नव्हती.

त्या वर्षी चातुर्मासाला गावात महासतीजी, म्हणजे आमच्या साध्वी, मुक्कामाला आल्या. स्थानकात, म्हणजे आमच्या धर्मसभेच्या जागी, रोज व्याख्यान. आणि बाईंनी घरात जाहीर केलं, मी मासखमण करणार. मासखमण म्हणजे महिनाभराचा उपवास. फक्त उकळलेलं पाणी, तेही दिवसाउजेडी. पर्युषणाच्या शेवटच्या दिवशी, संवत्सरीला, तो पुरा व्हायचा. मामंजींचे डोळे भरून आले. जुन्नरचे वाजंत्रीवाले ठरले, मिरवणुकीला रथ कुठून आणायचा यावर पेठेत चर्चा सुरू झाली. धडधाकट माणसं असा उपवास करतात आणि नीट उठतात, मी पाहिलंय, त्यांना माझा नमस्कार. पण बाईंच्या हाताच्या बांगड्या तेव्हा कोपरापर्यंत घसरत होत्या. महिनाभरानं त्या रथावर नक्कीच चढल्या नसत्या. हे मला कळत होतं, मग बाकीच्यांना का कळू नये? कपाळ माझं!

एका दुपारी आम्ही दोघी माडीवर तुरीची डाळ निवडत होतो. मी वैतागून विचारलं, "बाई, कशाला हवाय हा उपवास? पुण्य काय कमी आहे का तुमच्याकडे?"

त्या म्हणाल्या, "पुण्यासाठी नाही गं. खाल्लं नाही म्हणजे दळायला नको, चूल पेटवायला नको, सरपण नको. महिनाभर माझ्या हातून कुणी मरणार नाही."

माझा हात सुपातच राहिला. मग त्यांनी जे सांगितलं ते त्याआधी कुणाला सांगितलं नव्हतं.

मी लग्न होऊन यायच्या आदल्या साली प्लेग फार होता. घरात उंदीर पडले की गाव सोडून माळावर झोपड्यांत राहायचं, हे तोवर सगळ्यांना पाठ झालेलं. सरकारी माणसांनी पेठेत पिंजरे वाटले. पकडलेले उंदीर ते घेऊन जायचे आणि पाण्यात बुडवायचे. आमच्या घरच्या पिंजऱ्यात उंदीर सापडले, पण ते बुडवायला द्यायचे कसे? मामंजी म्हणाले, गुपचूप लांब सोडून या. बाईंनी पिंजरा टोपलीत घातला, वर फडकं टाकलं, आणि वारूळवाडीच्या शिवारात नेऊन एका बांधाशी उंदीर सोडून दिले. घरी आल्यावर मामंजींनी पाठीवरून हात फिरवला, खरी जीवदया म्हणाले. नारायणगावच्या पेठेत त्या दिवसांत असं करणारं आमचं एकच घर नव्हतं.

त्या बांधाला लागून धनगरांची वस्ती होती. तिथली एक धनगरीण आमच्या दुकानात लोकर घेऊन यायची, आणि तिच्या मागं तिची लहानगी लेक. बाई त्या पोरीचे केस विंचरून द्यायच्या, हातावर गूळ ठेवायच्या. उंदीर सोडले आणि थोड्याच दिवसांत वस्तीवर ताप आला. ती पोर गेली.

"माझ्यामुळे गेली का गं ती?" बाईंनी विचारलं.

हजारदा विचारलेला प्रश्न असता तर "छे हो बाई" तोंडून निघून गेलंच असतं. पण हे मला म्हणता येईना. त्या साली तापाच्या तडाख्यातून कोणतं गाव सुटलं होतं? बोरीत माणसं गेली, मंचरला गेली, जुन्नरला गेली. उंदीर आपल्या पायानंही गेले असतील. पण नाही म्हणून शपथ कशी घ्यायची? मला ठाऊकच नव्हतं. मी गप्प बसले, आणि बाई माझ्याकडे बघत राहिल्या. मला तेव्हा लख्ख कळलं की पाणी, सरपण, मुंग्या, दाराच्या फटी, हे सगळे त्या एकाच प्रश्नाचे तुकडे होते. जो विचारायचा होता तो विचारता येत नव्हता, म्हणून बारके बारके विचारत होत्या. आणि पुण्यवान म्हणून आम्ही जिच्या पाया पडत होतो ती बाई नुसती घाबरलेली होती हो. नखशिखांत घाबरलेली.

उपवासाची शपथ, म्हणजे पच्चक्खाण, महासतीजींनी द्यायचं असतं, आणि एवढ्या मोठ्या तपाला त्या आधी घरच्यांची आज्ञा विचारतात. त्या सकाळी स्थानक खचाखच भरलेलं. एकीकडे पुरुष, एकीकडे बायका. बाई हात जोडून पुढे उभ्या राहिल्या. महासतीजींनी विचारलं, "घरच्यांची आज्ञा आहे?"

मामंजी म्हणाले, "आनंदानं आहे."

"नाही," मी म्हणाले.

कुणाच्या तोंडून निघालं हे मलाही क्षणभर कळलं नाही. डोईवरचा पदर नाकापर्यंत ओढलेला, सगळ्यात धाकटी सून, आणि सासऱ्यांच्या शब्दावर शब्द! सासूबाईंनी माझं मनगट असं दाबलं की बांगडी पिचली. मामंजी उठून उभे राहिले. आता मागं फिरण्यात अर्थ नव्हता. लाज तर गेलीच होती, म्हटलं बोलूनच घ्यावं. "महासतीजी, आमच्या घरात मुंगीच्या जिवाची काळजी करतात. बाईंचा जीव जिवांत धरायचा की नाही, तेवढं सांगा. ही भक्ती नाही हो. त्या घाबरल्यात. त्यांना बरं नाही."

"तू कोण ठरवणार?" मामंजी म्हणाले. आणि खरंच, मी कोण होते? शहाणी, मोठी, शेजारी उभी असलेली बाई स्वतःच्या तोंडानं तप मागत होती, आणि मी तिच्या तोंडावर सांगत होते की तुझं मन आजारी आहे, तुझं मागणं धरायचं नाही. एखाद्याच्या वतीनं असं "नाही" म्हणायचा अधिकार कुणाला असतो? हा प्रश्न मला आजही सुटलेला नाही. त्या दिवशी मात्र मला त्याची पर्वा नव्हती. मला बाई जिवंत हव्या होत्या.

तेवढ्यात पुरुषांच्या बाजूनं थोरले दीर उठले. दिवसभर लोकर तोलायची आणि मुकाट जेवायचं, असा तो माणूस. चारचौघांत बोललेला कुणी ऐकला नव्हता. ते म्हणाले, "माझीही आज्ञा नाही." मामंजींनी मान वळवून पाहिलं. दीर खाली बघत म्हणाले, "ती पूर्वी हसायची," आणि बसले.

महासतीजी म्हणाल्या, "घरात एकमत नाही. आज पच्चक्खाण नाही." आणि त्यांनी पुढचं व्याख्यान सुरू केलं.

घरी काय झालं ते विचारू नका. मामंजी माझ्या हातचं जेवेनात. सासूबाई मला जिभेला हाड नसलेली म्हणाल्या, आणि ते काही खोटं नव्हतं. आमच्या ह्यांनी तेवढं हळूच सांगितलं, "बोललीस ते बरं केलंस, पण आता महिनाभर माझ्यामागं लपू नकोस." असला माझा वाघ! पण या सगळ्याचं मला काही वाटलं नाही. बाई माझ्याशी बोलेनाशा झाल्या, ते मात्र सहन होईना. शेवटी एकदा मी त्यांना विहिरीवर गाठलं.

त्या म्हणाल्या, "एक महिना मला सुटका मिळाली असती. तू ती घालवलीस."

"तुम्ही मेला असता, बाई."

"मग? ते चाललं असतं की."

"मला नसतं चाललं!" मी विहिरीवर ओरडले. पाणी भरायला आलेल्या बायका वळून बघायला लागल्या. मी तिथंच खाली बसले आणि गळा काढून रडले. बाईंनी घागर खाली ठेवली. बऱ्याच वेळानं माझ्या पाठीवर त्यांचा हात आला.

पुढचा उपाय त्यांचा, माझा नाही. काही दिवसांनी, भाजी निवडताना, त्या म्हणाल्या, "डाळ निवडताना मी विचारलं होतं ना, त्या दिवशी तू गप्प बसलीस. आधी मला वाटलं, आता मी मरते. मग तसंच बसून राहिलो आपण. आणि जरा वेळानं ते आपोआप कमी झालं. तू रोज नाही-नाही म्हणतेस ना, त्यानं घटकाभर बरं वाटतं आणि मग जास्त विचारावंसं वाटतं. खरूज खाजवल्यासारखं होतं बघ. तू उत्तरच देत जाऊ नकोस."

सांगायला सोपं. करायला बसल्यावर आमच्या नाकी नऊ आले. ठरलं असं की पाणी एकदा गाळायचं, बस्स. सरपण एकदा झाडायचं. प्रश्न आला तर मी तोंड उघडायचं नाही, पण जवळून हलायचं नाही. माझ्यासारखीनं तोंड मिटून बसायचं म्हणजे काय, हे देवालाच ठाऊक! पहिल्यांदा त्यांनी गाळण्याचं फडकं माझ्या अंगावर फेकलं. "एवढं एक सांगायला काय जातंय तुझं, दुष्ट!" म्हणाल्या. त्यांना दरदरून घाम फुटायचा. मी त्यांचा हात धरून बसायचे आणि भिंतीकडे बघायचे, कारण तोंडाकडे बघितलं की माझा निर्धार ढासळायचा. आपण सूड उगवतोय की काय असंही वाटायचं. पण त्यांनीच सांगितलेलं होतं, आणि नको म्हणाल्या असत्या तर मी त्याच दिवशी थांबले असते. एकदोनदा त्या तसं म्हणाल्याही, आणि मी थांबले. मग दोन दिवसांनी स्वतःच येऊन म्हणाल्या, "चल, बैस."

हळूहळू फरक पडला. हळूहळू म्हणजे बैलगाडीसारखा, मध्येच चाक रुतणारा. दिवाळीत बरं होतं, थंडीत पुन्हा बिघडलं, उन्हाळ्यात एकदा आमचं जेवण चक्क दुपार व्हायच्या आत झालं. थोरले दीर ताटावरून उठताना म्हणाले, "आज लवकर झालं," आणि बाई हसल्या. पाया पडायला येणाऱ्या बायका कमी झाल्या. पेठेत कुजबूज सुरू झाली की धाकटीनं थोरलीचा धर्म बुडवला. बुडवला तर बुडवला! बाईंच्या हातातल्या बांगड्या मनगटावर राहायला लागल्या होत्या. मामंजीही माझ्या हातची भाकरी घ्यायला लागले, अर्थात काही न बोलता.

दुसऱ्या वर्षीची संवत्सरी आली. त्या दिवशी आम्ही सगळे उपवास करतो, आणि वर्षभरात कुणाला दुखावलं असेल त्याची हात जोडून क्षमा मागतो. बाईंचं हे क्षमा मागणं पूर्वी संपायचंच नाही. मागितली की, "केलीस ना गं खरंच?" म्हणून पुन्हा विचारायच्या. त्या साली प्रत्येकाला एकदा विचारलं. मग दुसऱ्या दिवशी सकाळी, घरात सगळ्यांच्या पारण्यासाठी मुगाचं पाणी तयार असताना, त्या माझ्याकडे आल्या. "उपवास सोडायच्या आधी मला वारूळवाडीला जायचंय. चलतेस?"

मी चपला घातल्या.

धनगरीण झोपडीपुढं बसून लोकरीचं सूत काढत होती. आम्हाला बघून तिनं घोंगडी अंथरली. बाई बसल्या नाहीत. उभ्यानंच सगळं सांगितलं. पिंजरा, टोपली, बांध, उंदीर. शेवटी हात जोडले आणि म्हणाल्या, "तुझी लेक माझ्यामुळं गेली असेल. मला क्षमा कर."

धनगरणीचा हात थांबला नव्हता. सूत ओढता ओढताच ती म्हणाली, "ठावं हाय मला. तुमी टोपलं घिऊन आल्याल्या, म्या बघितलं व्हतं."

बाईंच्या तोंडावरचा रंग उडाला. "मग कधी बोलली नाहीस?"

"काय बोलू, बाई? उंदरं आमच्या बांदावर बी मरून पडल्याली. तुमी यायच्या आदी का मागनं, ते आता ध्येनात न्हाई. लेक गेली, तेवढं ध्येनात हाय." तिनं धागा गुंडाळला. "माफ केलं म्हनायला काय, तोंडानं आत्ता म्हनते. पर खरं सांगू, माझं मलाच अजून उमजलं न्हाई. तुमी तिचं केस लई चांगलं विंचरायच्या. त्ये बी ध्येनात हाय."

कोंबड्या पायात घोटाळत होत्या. मला वाटलं, आता बाई कोसळणार. इतकी वर्षं ज्या उत्तरासाठी जीव टांगणीला लावला, ते हेच होतं का? ना धड हो, ना धड नाही. मी त्यांचा दंड धरायला पुढं झाले, तर त्या घोंगडीवर बसल्या होत्या.

धनगरणीनं त्यांच्याकडं निरखून पाहिलं. "उपाशी दिसताय. ताक घ्या वाईच," म्हणाली, आणि आत जाऊन मडक्यातलं ताक वाडग्यात घेऊन आली.

ताकात कुठल्या विहिरीचं पाणी, कुणी गाळलेलं, गाळलेलं तरी की नाही, कोण जाणे. वर एक काळा ठिपका तरंगत होता. जिरं असेल, काडी असेल, आणखी काही असेल. मला दिसला. बाईंनाही दिसला, कारण त्यांची नजर तिथंच खिळली. मग त्यांनी मान वर करून माझ्याकडं पाहिलं. ओठ हलले. तो प्रश्न मला शब्द न् शब्द पाठ होता. माझ्या जिभेवर "नाही हो बाई" आलंही होतं, ते मी दातांखाली धरलं आणि गप्प राहिले.

बाईंनी वाडगा तोंडाला लावला. एका दमात अर्धा संपवला, पदरानं ओठ पुसले आणि धनगरणीकडं वळल्या.

"थोडं मीठ आहे का गं?" त्यांनी विचारलं.